रिसिव्हर घ्यावा की सुटे भाग? घरच्या स्टिरिओसाठी टप्प्याटप्प्याने निवड

घरात स्टिरिओ लावायचं ठरलं की दुकानात दोन वाटा दाखवल्या जातात. एकीकडे सगळं पोटात घेतलेला रिसिव्हर: रेडिओ, ब्लूटूथ, ॲम्प्लिफायर, सगळं एकाच डब्यात. दुसरीकडे सुटे भाग, ज्यांना शौकीन मंडळी सेपरेट्स म्हणतात. त्यात प्री-ॲम्प्लिफायर वेगळा, पॉवर ॲम्प्लिफायर वेगळा, प्रत्येकाची वायर वेगळी आणि बिलही वेगळं. विक्रेता ज्यात नफा जास्त ते पुढे करतो आणि मित्र त्याच्याकडे जे आहे तेच घ्यायला सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरातल्या बहुतेक घरांना यातलं कुठलंच टोक गाठायची गरज नाही. दोन स्पीकरवर गाणं ऐकायचं असेल तर प्री आणि पॉवर एकाच डब्यात असलेला चांगला इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर पुरतो. टीव्ही आणि सिनेमाच जास्त असेल तर प्री-आउट (पुढे वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडायचा सॉकेट) असलेला एव्ही रिसिव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमासाठीचा रिसिव्हर घ्यावा. मात्र या निर्णयावर कुठल्या क्रमाने यायचं याला महत्त्व आहे. बरेच जण डब्यापासून सुरुवात करतात आणि स्पीकरला उरलेले पैसे देतात. तिथेच सगळं उलटं होतं.

पायरी १: कुठल्या डब्यात काय असतं

प्री-ॲम्प्लिफायरचं काम हलकं पण नाजूक असतं. सीडी, टीव्ही, टर्नटेबल यांतलं काय वाजवायचं ते निवडणं आणि आवाज कमी-जास्त करणं. पॉवर ॲम्प्लिफायर ताकदीचं काम करतो, स्पीकरचा कोन हलवण्याइतका करंट देतो. हे दोन्ही एका डब्यात आले की तो इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर. त्यात एफएम ट्यूनर घातला की झाला स्टिरिओ रिसिव्हर. त्याच्यात आणखी टीव्हीच्या एचडीएमआय वायरची सोय, सिनेमाचा डॉल्बी आवाज उलगडण्याची सोय आणि पाच-सात चॅनेल (म्हणजे तेवढ्या स्पीकरसाठी वेगवेगळे ॲम्प्लिफायर) भरले की एव्ही रिसिव्हर.

सुटे भाग करण्यामागचं कारण खरं आहे. टर्नटेबलकडून येणारा सिग्नल जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो आणि शेजारी मोठा ट्रान्सफॉर्मर चुंबकीय क्षेत्र पसरवत बसलेला असतो. दोघांना वेगळ्या घरात ठेवलं की गुणगुण कमी होते, उष्णता वाटली जाते आणि पुढे एकच भाग बदलता येतो. पण चांगल्या इंटिग्रेटेडमध्ये हा प्रश्न आतल्या मांडणीनेच बऱ्यापैकी सुटलेला असतो. बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये, मध्यम आवाजात, दोन्हीतला फरक ओळखणं अवघड. त्याच हॉलमध्ये स्पीकर बदलले तर फरक स्वयंपाकघरात बसूनही कळतो.

पायरी २: घरात खरंच काय वाजतं ते लिहून काढा

आठवडाभर कागदावर नोंद ठेवा. सकाळी आकाशवाणी, दुपारी टीव्हीवरची मालिका, रात्री मोबाइलवरून गाणी, रविवारी सिनेमा. घरातल्या सगळ्यांना विचारा, कारण वापरणारे तुम्ही एकटे नसता. आईला किंवा आजोबांना तीन रिमोट आणि दोन बटणं लक्षात ठेवून रेडिओ लावावा लागला तर तो रेडिओ लागणारच नाही. तिथे एका बटणावर चालू होणारा रिसिव्हर शंभर टक्के बरोबर.

रेडिओ हा रिसिव्हरचा मोठा आणि हल्ली दुर्लक्षित गुण आहे. नवा सुटा ट्यूनर आता शोधूनच काढावा लागतो. तुमच्या घरात १०२.७ वर कोल्हापूर आकाशवाणी किंवा ९४.३ वर टोमॅटो एफएम रोज लागत असेल तर ट्यूनर असलेला डबाच घ्या आणि सोबत येणारी वायरची अँटेना नीट लावा. टी आकाराच्या त्या वायरचा आडवा भाग साधारण दीड मीटर असतो, कारण १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी तेवढीच. ती गुंडाळून ॲम्प्लिफायरमागे कोंबली तर खरखर येणारच. भिंतीवर आडवी ताणून चिकटवा.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या घराची गरज वेगळी. थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांनी जिथे आयुष्याचा मोठा काळ घालवला, जिथे गायन समाज देवल क्लब १८८३ पासून उभा आहे, त्या गावात कान तयार असलेली घरं कमी नाहीत. तिथे सात चॅनेल काय कामाचे? तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या बायाँची मींड आणि गळ्यातला श्वास स्वच्छ ऐकू यायला हवा. त्यासाठी दोन चांगले स्पीकर आणि एक शांत ॲम्प्लिफायर लागतो, बस.

पायरी ३: खोली मोजा

टेप घेऊन लांबी, रुंदी आणि बसायची जागा स्पीकरपासून किती लांब पडते ते मोजा. नव्या अपार्टमेंटमधल्या हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स, काँक्रीटच्या भिंती आणि मोठी काचेची सरकती खिडकी असते. टाळी वाजवून बघा. टाळीमागे धातूसारखी झणझण ऐकू आली तर कितीही महागडा डबा आणा, आवाज बोचरा येणार. दोन स्पीकरच्या पुढच्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा घोंगडं अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा. एवढ्याने पडणारा फरक वेगळ्या प्री-ॲम्प्लिफायरने पडत नाही.

एव्ही रिसिव्हरची एक जमेची बाजू इथे दिसते. बहुतेकांसोबत छोटा माइक येतो आणि तो खोली मोजून आवाज सुधारतो. विशेषतः कोपऱ्यात साचणारा, घुमणारा खर्ज त्याने आटोक्यात येतो. सुट्या भागांत ही सोय क्वचित मिळते.

पायरी ४: आधी स्पीकर, मग वॅटचा हिशेब

एकूण पैशांतला निम्म्याहून थोडा जास्त वाटा स्पीकरला द्या. ते ठरल्याशिवाय ॲम्प्लिफायरचं नावही काढू नका. स्पीकरच्या माहितीपत्रकात दोन आकडे बघायचे: सेन्सिटिव्हिटी आणि इम्पिडन्स.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. समजा ती ८७ आहे आणि तुम्ही ३ मीटरवर बसता. अंतरामुळे आवाज घटतो, पण स्पीकर दोन असतात आणि भिंतीही काही परत देतात. ढोबळमानाने ५ डेसिबल वजा धरा. म्हणजे प्रत्येक स्पीकरला अवघा १ वॅट दिला तरी तुमच्या खुर्चीवर ८२ डेसिबल येतात. नेहमीच्या बोलण्याचा आवाज साधारण ६० डेसिबल असतो, तेव्हा हे चांगलंच जोरात झालं.

आता मोठ्या क्षणांसाठी, म्हणजे तबल्याची थाप किंवा ढोलकीचा जोर नीट यावा म्हणून ९५ डेसिबलपर्यंत जायची मोकळीक हवी. म्हणजे आणखी १३ डेसिबल. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, त्या हिशेबाने २० वॅट. थोडी राखीव ताकद धरून ४० ते ५० खरे वॅट घेतले की राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या नेहमीच्या हॉलला ते भरपूर झाले. १९७८ साली बाजारात आलेला एनएडी ३०२० हा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर कागदावर फक्त २० वॅटचा होता आणि आजही लोक तो जपून वापरतात. वॅट मोठे दिसावेत म्हणून सुटा पॉवर ॲम्प्लिफायर घेण्याची गरज किती कमी घरांना असते हे या हिशेबावरून कळतं.

गरज पडते ती दोन ठिकाणी. एक, सेन्सिटिव्हिटी ८४च्या आसपास असलेले स्पीकर मोठ्या दिवाणखान्यात लावले असतील तर. दोन, इम्पिडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, ४ ओहम किंवा त्याखाली उतरत असेल तर. हा आकडा जितका कमी तितका ॲम्प्लिफायरला जास्त करंट द्यावा लागतो. स्वस्त रिसिव्हरच्या मागे ६ ते १६ ओहम असं छापलेलं असतं. त्याला ४ ओहमचे स्पीकर लावून जोरात वाजवले तर तो तापून बंद पडतो. अशा स्पीकरला पॉवर ॲम्प्लिफायर वेगळा घेणं शहाणपणाचं.

पायरी ५: खोक्यावरचे वॅट तपासा

पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला दावा) असं लिहिलेला आकडा दिसला की तो वाचूच नका, त्याला अर्थ नाही. बाकी आकड्यांपुढची बारीक अक्षरं वाचा. आठ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेल एकदम चालू आणि विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड, डिस्टॉर्शन) ०.१ टक्क्याच्या आत, असं लिहिलेलं असेल तर तो आकडा धरा. ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल चालू, विकृती १० टक्के, असं असेल तर १४० वॅटचा डबा प्रत्यक्षात बराच खाली येतो. ही आकड्यांची फुगवाफुगवी इतकी जुनी आहे की अमेरिकेत १९७४ साली त्यासाठी खास नियम करावा लागला आणि २०२४ मध्ये तो पुन्हा कडक करण्यात आला.

डबा उचलून बघण्याची जुनी पद्धत एबी वर्गाच्या, म्हणजे पारंपरिक सर्किटच्या ॲम्प्लिफायरला अजून लागू पडते. जड ट्रान्सफॉर्मर म्हणजे दमदार पुरवठा. डी वर्गातले, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून काम करणारे ॲम्प्लिफायर मात्र मुळातच हलके असतात. वजनावरून त्यांना नाकारू नका.

पायरी ६: डबा फिरवून मागची बाजू बघा

दुकानात सगळे पुढची काच आणि दिवे बघतात. तुम्ही विक्रेत्याला सरळ सांगा, "दादा, जरा मागनं दाखवा की." निम्मा निर्णय मागच्या पट्टीवर होतो.

सगळ्यात आधी प्री-आउट शोधा. हा सॉकेट असला की आज एकच डबा घेऊन भागतं आणि पुढे पाच वर्षांनी वाटलं तर फक्त पॉवर ॲम्प्लिफायर जोडता येतो. आज घेतलेल्या रिसिव्हरला तेव्हा प्री-ॲम्प्लिफायरचं काम मिळतं, तो वाया जात नाही. सुटे भाग की एक डबा, हा वाद मिटवणारी गोष्ट माझ्या मते हीच. स्वस्त मॉडेलवर नेमकी हीच गाळलेली असते. काही डब्यांवर फक्त सबवूफरसाठी (खर्जाच्या वेगळ्या स्पीकरसाठी) एकच आउटपुट असतो. तो वेगळा, दोघांची गल्लत करू नका.

फोनो इनपुट त्यानंतर. घरात जुन्या तबकड्या असतील तर हा लागतोच. टर्नटेबलचा सिग्नल सीडी प्लेअरच्या तुलनेत शेकडो पटींनी लहान असतो. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि तीव्र स्वर वाढवलेले असतात, ते उलट करून घ्यावे लागतात. साध्या इनपुटला जोडलं तर गाणं डासाच्या भुणभुणीसारखं येतं. ॲम्प्लिफायरमध्ये फोनो नसेल तर छोटा सुटा फोनो स्टेज मिळतो, फक्त त्याचे पैसे आधीच हिशेबात धरा.

टीव्हीसाठी ऑप्टिकल सॉकेट किंवा एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरने परत ॲम्प्लिफायरकडे आणणारा सॉकेट) हवा. स्पीकरची वायर अडकवायला स्प्रिंगच्या चिमट्यांऐवजी स्क्रूचे टर्मिनल असतील तर उत्तम. वायर म्हणाल तर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही चांगल्या दुकानात मिळते, तेवढी पुरे. मीटरला हजारो रुपयांची वायर गळ्यात मारत असतील तर ते पैसे स्पीकरमध्ये घाला.

पायरी ७: लवकर जुनं होणारं वेगळं ठेवा

ॲम्प्लिफायरचं तंत्र सावकाश बदलतं, डिजिटलचं झपाट्याने. एचडीएमआय २.० आलं २०१३ मध्ये, २.१ आलं २०१७ मध्ये. छतापर्यंत आवाज फिरवणारं घरगुती डॉल्बी ॲटमॉस २०१४ पासून. त्याआधी घेतलेले महागडे एव्ही रिसिव्हर आज नव्या टीव्हीशी जेमतेम बोलतात, पण त्याच काळातला साधा इंटिग्रेटेड आजही तसाच वाजतो.

म्हणून स्ट्रीमिंग (इंटरनेटवरून गाणी वाजवणं), ब्लूटूथ, डीएसी (डिजिटल सिग्नलचं ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारा भाग) या गोष्टी शक्यतो सुट्या ठेवा. छोटा स्ट्रीमर किंवा डीएसी जुना झाला तर तेवढाच बदलायचा. सुट्या भागांचा खरा फायदा मला इथे दिसतो. प्री आणि पॉवर वेगळे करण्यापेक्षा डिजिटल आणि ॲनालॉग वेगळे करणं कितीतरी जास्त उपयोगाचं.

दुरुस्तीचंही तेच. साध्या ॲम्प्लिफायरचा रिले, कपॅसिटर, आउटपुट ट्रान्झिस्टर गावातला जाणता मेकॅनिक बदलून देतो. एव्ही रिसिव्हरचा एचडीएमआय बोर्ड गेला तर अख्खा बोर्ड मागवावा लागतो. घेण्याआधीच विचारा: सर्व्हिस कोल्हापुरात होते की डबा पुण्याला पाठवावा लागतो? आणि नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा?

पायरी ८: वीज, वळीव आणि पावसाळा

माहितीपत्रकात नसलेली आणि इथे सगळ्यात जास्त नुकसान करणारी ही बाब आहे.

एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस विजांसकट येतो. आभाळ भरून आलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. सोबत डिशची केबल आणि बाहेरची अँटेनाही काढा, कारण झटका तिथूनही आत शिरतो. डबे जितके जास्त तितके प्लग जास्त, म्हणून सुट्या भागांसाठी सर्ज (अचानक वाढणाऱ्या व्होल्टेजपासून) संरक्षण असलेला एकच चांगला बोर्ड ठेवा. तो एक प्लग काढला की सगळं सुटतं. इन्व्हर्टर चौरस लहरीचा असेल तर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर त्यावर घुरघुरतो. शुद्ध साइन वेव्हचा असेल तरच त्यावर वाजवा.

डबे वाढले की अर्थिंगची गुणगुणही वाढायची शक्यता असते. राजारामपुरीत एका मित्राकडे प्री, पॉवर आणि टीव्ही असं सगळं जोडलेलं होतं. काकू म्हणाल्या, "टीव्ही बंद हाय तरी घुरघुरतंय बघ की रे." आम्ही एकेक वायर काढत गेलो. सीडीची काढली, घुरघूर तशीच. टीव्हीची काढली, शांत. टीव्ही परत जोडला आणि डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून उपसली, पुन्हा शांत. गच्चीवरच्या डिशच्या केबलमधून येणारं अर्थिंग आणि घरातलं अर्थिंग यांचं वर्तुळ झालं होतं. टीव्हीपासून साध्या पिनच्या वायरऐवजी ऑप्टिकल केबल टाकली आणि प्रश्न मिटला. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे वर्तुळ तुटतं. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे मेकॅनिक भेटतात. तसं कधीही करू देऊ नका, जिवाशी खेळ आहे. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत दोन पिनचं वायरिंग असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या, मग ॲम्प्लिफायर आणा.

जून ते सप्टेंबर हवेत सतत ओल असते. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर, एक बाजू अधूनमधून गायब होणं, ही ओलीचीच लक्षणं. दोन-तीन दिवसांआड अर्धा-पाऊण तास सेट चालू ठेवा, आतली ऊब ओल घालवते. मागच्या पिना अधूनमधून काढून, फिरवून परत बसवा. सेट लाकडी शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका. वर किमान चार-पाच इंच जागा आणि मागून मोकळी हवा हवी. झुरळं आणि पाली उबेला येतात आणि हवेच्या फटीतून आत शिरून सर्किटवर मरतात. शोकेसच्या मागच्या उघड्या बाजूला बारीक जाळी लावा, डब्याच्या अंगाला चिकटवू नका. पुराचं पाणी येतं अशा भागात तळमजल्यावर राहत असाल तर ॲम्प्लिफायर खालच्या फळीवर नको. २०१९ आणि २०२१ सालचं पाणी आपण पाहिलं आहे.

पायरी ९: जुना माल घेताना

जुन्या बाजारात जपानी रिसिव्हर मोहक दिसतात. ॲल्युमिनियमचा दर्शनी भाग, जड बटणं, पिवळसर उजेड. पण मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिथे १०० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो क्षणात जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी दुसरी अडचण उरते. जपानच्या देशांतर्गत बाजारातल्या जुन्या ट्यूनरचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असतो आणि वर सांगितलेली दोन्ही स्टेशनं ९०च्या पुढे आहेत. म्हणजे रिसिव्हर म्हणून घेतलेल्या डब्यावर कोल्हापूरचा रेडिओच लागणार नाही.

मल्टिमीटर सोबत न्या. इनपुटला काही न जोडता, स्पीकर काढून, सेट दहा मिनिटं चालू ठेवा आणि स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. पुष्कळ जास्त दाखवत असेल तर दुरुस्तीशिवाय घेऊ नका, कारण ते डीसी तुमचे स्पीकर जाळेल.

पायरी १०: ऐकून घ्या

तुमच्या कानाला पाठ असलेलं गाणं सोबत न्या, दुकानातलं चकाचक नमुन्याचं गाणं नको. दोन सेटची तुलना करताना आवाज सारखा ठेवायला सांगा. किंचित मोठा वाजणारा सेट कानाला नेहमी चांगला वाटतो आणि विक्री अशीच होते. मग गाणं थांबवून, आवाजाचं बटण नेहमीच्या जागी ठेवून, कान स्पीकरजवळ न्या. बारीक फुसफुस चालेल, घुरघूर नको. ख्याल सुरू होण्याआधीच्या तानपुऱ्यात ती घुरघूर रोज ऐकू येईल.

ऐकून झालं, मागची बाजू बघून झाली की निवड सोपी होते. टीव्ही नगण्य आणि रेडिओ नको, तर फोनो आणि प्री-आउट असलेला इंटिग्रेटेड. रेडिओ रोजचा, तर स्टिरिओ रिसिव्हर. सिनेमा आणि क्रिकेट जास्त, तर एव्ही रिसिव्हर, पण गाण्यासाठी पुढचे दोन स्पीकर त्यातल्या त्यात चांगले. सुटे प्री-पॉवर तेव्हाच घ्या, जेव्हा स्पीकर अवघड आहेत, खोली मोठी आहे, अर्थिंग पक्कं आहे आणि रिमोट-वायरींचा पसारा घरच्यांना चालणार आहे.

सेट घरी आला की पहिल्या दिवशी तासभर वाजवून वरच्या जाळीवर हात ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल इतका तापला तर आधी स्पीकरची वायर तपासा, तांब्याचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असू शकतो. नंतर वरची जागा वाढवा. तरीही तापत राहिला तर बिल आणि खोकं घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जा. खोकं आणि आतला थर्माकोल निदान वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवा.